कार्डावर चालणारा कानाचा डॉक्टर

गुरुवारी सकाळी माझा उजवा कान गेला, आणि ही बातमी मला एका कॉम्प्रेसरने दिली.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमचं वर्कशॉप आहे. कारखान्यांचे मोठमोठे एअर कॉम्प्रेसर तिथे दुरुस्तीला येतात आणि मी तिथला फोरमन. सत्तावीस वर्षं हे काम मी कानाने करत आलो आहे. लांब दांड्याचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग धड असेल तर एकसारखी घरघर ऐकू येते. बिघडायला लागलं असेल, तर त्या घरघरीच्या आत कोणीतरी ताटात तांदूळ निवडत बसलंय असा बारीक आवाज येतो. कंपनीने मधे हे मोजायचं यंत्र आणलं. ते यंत्र 'बदला' म्हणायचं, त्याच्या पंधरा दिवस आधी मी 'बदला' म्हणून मोकळा झालेला असायचो. माझं पोट, माझं घर, मुलीची फी, सगळं या एका कानावर उभं होतं. डावा कान मी कधी वापरलाच नव्हता. तो आपला जोडीला म्हणून होता.

त्या सकाळी पेचकस नेहमीप्रमाणे उजव्या कानाला लावला आणि आवाज डाव्या बाजूने आला. मूठ इकडे आणि घरघर तिकडे. माणूस किती मूर्ख असतो बघा, मी पेचकस बदलला. दुसऱ्या पेचकसानेही तेच झालं. मग मी डाव्या कानात बोट घातलं, आणि एवढं गर्जणारं वर्कशॉप कोणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. तेवढ्यात एक मेकॅनिक समोर येऊन काहीतरी बोलायला लागला. त्याचे ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही.

मी कोणाला काही बोललो नाही. फोरमनला ऐकू येत नाही ही गोष्ट वर्कशॉपमधे सांगायची नसते.

घरी बायकोने लसूण घालून तेल कोमट केलं आणि माझ्या कानात सोडलं. रायगडच्या आमच्या गावात कानाच्या प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय आहे आणि इथे अल नहदातल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरही तोच चालू आहे. "मळ असेल," ती म्हणाली. "नाहीतर पुढच्या महिन्यात गावाला जातोच आहोत. अलिबागला दाखवू."

तिने फ्रिजवरच्या यादीकडे पाहिलं. ही यादी आखातातल्या आमच्या प्रत्येक घरात असते, कोणी कागदावर लिहितं, कोणी मनात ठेवतं. वर्षभराची दुखणी आम्ही सुट्टीसाठी साठवून ठेवतो. दाढ, गुडघा, मोतीबिंदू, पोटातला खडा, सगळ्याला एकच उत्तर, गावाला गेल्यावर दाखवू. इथला डॉक्टर फक्त तापासाठी. मग गावाला गेल्यावर दोन लग्नं, एक बारसं, एक जमिनीची कटकट, आणि यादी तशीच विमानातून परत येते. आमच्या यादीत 'ह्यांचा कान, गुणगुण' ही ओळ तीन वर्षांपासून होती. दुखणं अंगावर काढण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

मी ती यादी वाचली आणि मला राग आला. बायकोवर नाही, माझ्यावर. तीन वर्षं माझा कान गुणगुणत होता. कॉम्प्रेसरने तीन दिवस असा आवाज काढला असता तर मी तो खोलून ठेवला असता.

तरीही सोमवारपर्यंत थांबलो. मळ असेल, तेलाने सुटेल, ही आशा होती. सोमवारी आमच्या इमारतीच्या खालच्या क्लिनिकात गेलो. तिथला डॉक्टर तरुण, हैदराबादचा. त्याने कानात बॅटरी मारून पाहिलं, लसणाच्या वासाने नाक मुरडलं आणि म्हणाला, "चाचा, अंदर तो कुछ भी नहीं है. एकदम साफ." मग त्याने एक लोखंडी चिमटा टेबलाच्या कडेला आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. चिमटा थरथरत होता. "किस तरफ सुनाई देता है?"

"डाव्या," मी म्हणालो. पेचकसासारखंच. त्याच्या हातात माझंच हत्यार होतं आणि बिघडलेलं मशीन मी होतो.

त्याचा चेहरा बदलला. त्याने मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. हा मळ नव्हे, आतली नस अचानक बसलीय. यावर गोळ्या असतात, पण त्या लवकर घेतल्या तरच उपयोग. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे, त्यातही पहिला आठवडा जास्त. नंतर कितीही मोठ्या डॉक्टरकडे जा, गेलेलं परत येत नाही. "पाच दिन तो आपने निकाल दिए," तो म्हणाला. गोळ्या सुरू करायच्या आधी कानाच्या डॉक्टरने मशीनवर तपासणी करायला हवी, माझी साखरही थोडी वरची असते म्हणून तो स्वतः देणार नव्हता. त्याने चिठ्ठी लिहिली, वर लाल अक्षरांत 'तातडीचे' लिहिलं. मग विचारलं, "कंपनी में कान का टेस्ट होता है?"

"दरवर्षी," मी म्हणालो. "नॉर्मल."

ते नॉर्मल कसं यायचं, हे त्याला सांगितलं नाही. इथे सांगतो. आमच्याकडे आवाज फार, म्हणून वर्षातून एकदा वर्कशॉपच्या दारात एक गाडी येते. गाडीत कपाटाएवढी एक खोली असते. आत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी बाई बसते. ती आवाज सोडते तेव्हा तिचा खांदा किंचित हलतो. त्या खांद्याकडे बघायचं आणि अर्धा श्वास थांबून बटण दाबायचं. एवढंच. ही युक्ती वर्कशॉपमधे ज्याने सगळ्यांना शिकवली, तो मी. पहिल्या वर्षी दोन माणसं नापास झाली होती. एक गोदामात खोकी मोजायला गेला आणि दुसऱ्याचा व्हिसा संपल्यावर कोणी नवा केलाच नाही. त्यानंतर आमच्यात कोणी नापास झालं नाही. कंपनीच्या कागदांवर आम्ही सगळे सशाच्या कानांचे.

चिठ्ठी घेऊन मी ऑफिसात गेलो. तिथे विमा आणि सुट्ट्या बघणारा एक सद्गृहस्थ बसतो. त्याचं बोलणं इतकं गोड की माणसाला पहिल्यांदा आपलीच चूक वाटते. "हबीबी, क्यों टेन्शन लेते हो," तो म्हणाला. "लीव्ह प्रीपोन कर देता हूँ. इंडिया में आराम से ट्रीटमेंट करो. फिट होके आ जाओ, इन्शाल्ला."

त्या 'फिट होके'मधे काय मुरतंय ते मला ठाऊक होतं. आमच्याच तालुक्यातला एक वेल्डर डोळा दाखवायला असाच आधी सुट्टीवर गेला. फिट झाला, रोज फोन करत राहिला, पण परतीचं तिकीट आलं नाही. इन्शाल्ला हा शब्द मी दिवसातून वीस वेळा म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण ऑफिसच्या खुर्चीतून तो आला की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे सत्तावीस वर्षांत शिकलो आहे.

"मी सुट्टी घेणार नाही," मी म्हणालो. "कान इथे गेलाय, इथेच दाखवणार. हे कार्ड तुम्ही दिलंय. याच्यावर कानाचा डॉक्टर आहे ना?"

"है ना, लिस्ट में है."

ती लिस्ट. विमा कंपनीच्या ॲपमधे ती असते आणि माझी मुलगी ती उघडू शकते. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्लिशमधे उत्तर देते, आणि आम्हा दोघांनाही यात काही वेगळं वाटत नाही. सोमवारी संध्याकाळी ती माझ्या डाव्या बाजूला बसली. उजवीकडे बसली असती तर उपयोग नव्हता, हे तिला सांगावं लागलं नाही आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

"सेव्हन ईएनटी डॉक्टर्स, अब्बा. वी विल फाइंड वन."

पहिल्या ठिकाणी फोन लागला. त्यांचा कानाचा डॉक्टर रमजानच्या आधीच सोडून गेला होता, नाव मात्र लिस्टमधे सुखाने नांदत होतं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होता, पण फक्त मंगळवारी यायचा आणि हा मंगळवार आणि पुढचा मंगळवार तो रजेवर होता. तिसऱ्याने कार्डाचा रंग विचारला. आमचं हिरवं. त्यांच्याकडे त्याच कंपनीचं निळं चालत होतं, हिरवं चालत नव्हतं. चौथा दातांचा दवाखाना निघाला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, दाँत में कोई प्रॉब्लेम है तो आ जाइए." पाचव्या नंबरवर कोणी उचलेना.

सहाव्याने माझं डोकंच फिरवलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे एक दवाखाना दिसतो. पाटी एवढी मोठी की चहा उकळेपर्यंत वाचून होते, आणि त्या पाटीवर कानाचं चित्र आहे. चालत दहा मिनिटं. त्याही भागाचं नाव अल नहदाच. पण आमची अल नहदा शारजात आणि ती दुबईत, सीमा मधल्या रस्त्यावरून जाते, आणि हिरवं कार्ड तो रस्ता ओलांडत नाही. लोक ओलांडतात, बस ओलांडते, मांजरंसुद्धा ओलांडतात.

हेल्पलाइनवर मी पाऊण तास फोन धरला. गाणं वाजत राहिलं. मग एक गोड आवाज म्हणाला की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मी म्हणालो, "तक्रार नाही, कान आहे." तिने माझी जन्मतारीख विचारली. तिसऱ्यांदा. शेवटी म्हणाली की लिस्ट दर तीन महिन्यांनी अपडेट होते. "माझी नस दोन आठवड्यांनी अपडेट बंद करते," मी म्हणालो. तिने पुन्हा गाणं लावलं.

मंगळवार असा गेला. बुधवारी बायको बोलली. दोन दिवस ती गप्प होती, आणि ती गप्प असली की पुढे काय येणार ते मला कळतं. "रोख देऊन दाखवा," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडे तपासणीसकट नऊशे दिरहम सांगतायत. वीस हजार रुपये. होऊ दे. कान काय यादीत ठेवणार आहात?"

तिचं बरोबर होतं. हट्टापायी कान घालवणं म्हणजे नाकावरची माशी उडवायला नाक कापणं, एवढी अक्कल मला आहे. पण मला एक गोष्ट सलत होती. पैसे दिले की ऑफिसातला तो सद्गृहस्थ पुढच्या माणसालाही "लिस्ट में है ना" म्हणणार, आणि लिस्ट तशीच खोटी राहणार. मी तिला सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत. सातव्या पत्त्यावर मी स्वतः जातो. नाही झालं तर उद्याच रस्ता ओलांडतो, खलास."

"वर्कशॉप?"

"वर्कशॉप गेलं चुलीत."

सातवा पत्ता शारजातल्याच अल मजाजचा होता. फोन कायम व्यस्त. गुरुवारी सकाळी, कान जाऊन बरोबर आठ दिवसांनी, मी मुलीला घेऊन तिथे गेलो. तळ्याकाठी उंच इमारती, त्यातल्या एकीच्या पहिल्या मजल्यावर क्लिनिक. काउंटरवरच्या मुलीने हिरवं कार्ड घेतलं, मशीनला लावलं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. आठ दिवसांत मला तोंडं वाचायची सवय लागली होती.

"युवर कार्ड इज ॲक्सेप्टेड," ती म्हणाली. माझ्या मुलीने माझा दंड दाबला.

"फोन का उचलत नाही?" मी विचारलं.

"फोन खराब है, अंकल," ती म्हणाली.

डॉक्टर बाई होती, साठीच्या आसपासची, सीरियाची. इंग्लिश हळू आणि स्वच्छ बोलायची. आधी मशीनवर तपासणी करा, मग या, म्हणाली. मला शेजारच्या खोलीत नेलं. कपाटाएवढी खोली, हेडफोन, बटण, समोर काच, काचेपलीकडे तपासणारी मुलगी.

आता जे झालं ते सांगायची मला लाज वाटते, म्हणूनच सांगतो. तिचा खांदा हलला आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. मी ठरवून केलं नाही. तो खांदा, ती काच, तो खुर्चीचा वास, आणि अंगठा आपोआप कामाला लागला. उजव्या कानात काहीही नव्हतं आणि मी दाबत होतो. मधेच लक्षात आलं तेव्हाही थांबलो नाही. नापास व्हायचं नाही, एवढंच सगळ्या अंगात भरलेलं होतं. तीन दिवस ज्या दाराशी पोचायला जिवाचं रान केलं, त्या दारात मी पास व्हायला बसलो होतो.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला. पुन्हा चिठ्ठी पाहिली. "उजव्या कानात थोडीच घट आहे," त्या म्हणाल्या. "वयाने होते तेवढी. अशा घटीला जोरदार गोळ्या देणार नाही, तुमची साखर आहे. एका महिन्याने या."

आणि मला आनंद झाला. खरं सांगतो, त्या क्षणी मला पास झाल्याचा आनंद झाला. मी शुक्रिया म्हणालो आणि बाहेर आलो.

लिफ्टपाशी मुलगी माझ्या उजवीकडे उभी होती. ती काहीतरी बोलली असणार. मी लिफ्टच्या दाराकडे बघत होतो. तिने माझ्या बाहीला धरून मला वळवलं, तिचे डोळे भरलेले होते. "अब्बा, आय आस्क्ड यू थ्री टाइम्स. व्हॉट डिड शी से?"

मी लिफ्टमधे गेलो नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली की आजची अपॉइंटमेंट झाली. तपासणी पुन्हा हवी तर विम्याची मंजुरी पुन्हा लागेल, दोन-तीन दिवस. एका महिन्यात एकच तपासणी कार्डावर चालते. मी म्हणालो, "मंजुरी नको, मला डॉक्टरला एक वाक्य सांगायचंय." ती म्हणाली आत पेशंट आहे. मी म्हणालो थांबतो. ती म्हणाली नंतरही पेशंट आहेत. मी डॉक्टरच्या दारासमोरची खुर्ची ओढली आणि दाराच्या बरोबर समोर बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्याला माझ्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं. सिक्युरिटीवाला आला. तो आमच्याच कोकणातला, रत्नागिरीकडचा निघाला. हळूच म्हणाला, "चाचा, माझी नोकरी जाईल." मी म्हणालो, "तुझी जाणार नाही. माझीच जाईल, बस इथे." तो खरंच शेजारी बसला.

दार उघडलं तेव्हा मी उभा राहिलो आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोडक्या इंग्लिशमधे सांगितलं. मी फसवलं. मला काही ऐकू आलं नाही. मी तुमच्या तपासणाऱ्या मुलीचा खांदा बघून बटण दाबलं. आम्ही कंपनीत दरवर्षी असंच करतो. मी बाकीच्यांना शिकवलंय. मला एका कानाने काहीही ऐकू येत नाही, डॉक्टर, आणि आज आठवा दिवस आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरलं.

डॉक्टरबाई दाराबाहेर आल्या. मग त्यांनी खिशातून तसलाच लोखंडी चिमटा काढला, आपटला आणि माझ्या कपाळाला लावला. मी डावीकडे बोट केलं. त्यांनी काउंटरकडे वळून अरबीत काहीतरी कडक सांगितलं. माझ्या मुलीला शाळेतली अरबी येते, तिने मला नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या की पहिली तपासणी रद्द, यंत्र नीट लावलं नव्हतं असं लिहा. चूक माझी होती आणि ती त्यांनी यंत्रावर घातली. मग मला आत नेलं, खुर्चीला हात घातला आणि ती फिरवली. माझी पाठ काचेकडे, तोंड भिंतीकडे.

"आता," त्या म्हणाल्या, "फक्त ऐकू आलं तर."

भिंत पांढरी होती. हेडफोनमधे काही नव्हतं. मी बटणावरून अंगठा उचलून धरला, आणि तो परत खाली जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. सत्तावीस वर्षांच्या सवयीला धरून बसलो होतो. किती वेळ गेला माहीत नाही. पुढे डावा कान आला, त्यात आवाज यायला लागले, आणि त्यातही मधेमधे मोठाले खड्डे.

कागदावरची उजवी रेघ तळाला पडली होती. डावी रेघही उताराला लागलेली. तोही काही वर्षांपासून झिजत होता आणि मी त्याला दरवर्षी पास करत होतो. कंपनीला फसवतोय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी कान कापून कंपनीला देत होतो आणि वर त्याची पावतीही स्वतःच फाडत होतो.

गोळ्या त्याच दुपारी सुरू झाल्या. पुढे कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शनं झाली, प्रत्येक वेळी मंजुरीसाठी भांडलो आणि प्रत्येक वेळी मिळवली. महिन्याभराने उजव्या कानात माणसांची बोलणी परत आली. बायको म्हणते ती निम्मी आली, कारण तिचं निम्मंच मी ऐकतो, पण ते आधीपासूनच होतं. वरचे बारीक आवाज आले नाहीत. तांदूळ निवडल्याचा तो आवाज उजव्या कानाला आता येत नाही. डॉक्टरबाईंना विचारलं, पाच दिवस आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, कदाचित. त्या शब्दाचा मला अजून राग येतो. पण तो राग लसणाच्या तेलावर किंवा बायकोवर काढत नाही, यादीवर काढला. फ्रिजवरून ती काढली, त्यातला गुडघा आणि दाढ इथेच दाखवली, आणि सुट्टीत फक्त लग्नं केली.

रिपोर्ट मी ऑफिसात नेऊन दिला. त्यावर डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, दोन्ही कान, मोठ्या आवाजात दीर्घकाळ काम. सद्गृहस्थाचा आवाज पहिल्यांदाच गोड राहिला नाही. "ये क्यों लिखवाया? हमारे पास तो हर साल का रेकॉर्ड है, सब नॉर्मल."

"ते रेकॉर्ड मी बनवलंय," मी म्हणालो. "आता हे ठेवा. आणि लिस्टमधली खोटी नावं काढायला सांगा. चौथा दातांचा आहे."

माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. कागद वर गेलाय म्हणतात. मी रोज कामावर जातो, कानांवर आवाज अडवणारे मफ चढवतो आणि पेचकस डाव्या कानाला लावतो. त्याला शिकायला वेळ लागतोय, पण शिकतोय.

गेल्या आठवड्यात तपासणीची गाडी आली. वर्कशॉपच्या दारात माणसांची रांग लागली, फोरमन म्हणून पहिला नंबर माझा. आत गेलो आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. काचेपलीकडून बाईने हाक मारली, "चाचा, इधर देखिए." मी म्हणालो, "देखने का टेस्ट नहीं है." आणि जे ऐकू आलं नाही, त्याला बटण दाबलं नाही.

नापास झालो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर आलो तर सगळी रांग माझ्याकडे बघत होती. त्यांना कळलं होतं. त्यांतल्या प्रत्येकाला मी खांदा बघायला शिकवलं होतं आणि प्रत्येकाच्या घरी एक यादी होती. रांगेतल्या पहिल्या माणसाला दोन लहान मुलं आहेत आणि हल्ली तो फोनवर फार मोठ्याने बोलतो. मी त्याला जवळ ओढलं. "खुर्ची फिरव," मी म्हणालो. "ऐकू आलं तरच दाब. नापास झालास तर डॉक्टरचा पत्ता माझ्याकडे आहे. कार्डावर चालते. आणि ऑफिसात तुझ्याबरोबर मी येईन."

तो गाडीकडे वळला. वर चढला, दार लावून घेतलं. मी दाराशी उभा राहिलो. मग आतून लोखंडी फरशीवर खुर्चीचे पाय घासत फिरल्याचा आवाज आला. डाव्या कानाने ऐकला, पण मी तो ऐकला.